शूनेमच्या बाईचा अर्धा पाठ

"ते कुशल-कुशल जरा जपून शिकव गं," स्कूटीवर मागं बसता बसता कौसल्याबाई सुनेला म्हणाल्या. "निम्म्यावर सोडलंस तू. बाया तेवढंच धरून बसतील."

श्रेयानं हेल्मेटचा पट्टा लावला. "आई, पोहे गार व्हायला लागले होते. उरलेलं पुढच्या महिन्यात घेते ना."

"पुढच्या महिन्यात नाताळाची गाणी बसवायची असतात."

"मग त्याच्या पुढच्या." श्रेया हसली आणि तिनं गाडी चालू केली. वडगाव निंबाळकरच्या सभेहून बारामतीला घरी पोचेपर्यंत ती खुशीत होती. तिच्या कानात अजून बायकांच्या टाळ्या होत्या.

चर्चच्या भगिनी मंडळाची सभा महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी भरायची. आधी गाणी, मग प्रार्थना, मग शास्त्रातला एक पाठ आणि शेवटी खाणं. आजवर पाठ देणाऱ्या सगळ्या वयस्क. श्रेयाला पहिल्यांदाच सांगितलं होतं आणि तिनं बायबलातली शूनेमची बाई निवडली होती.

ती का निवडली, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. श्रेयाला साडेतीन वर्षांची मुलगी होती, अबोली. अबोली शिंकली की श्रेया तिच्या कपाळाला हात लावून बघायची. थर्मामीटर उशाखाली, डॉक्टरांचा नंबर मोबाइलवर सगळ्यात वर, आणि लेक झोपली की तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायचा. अबोली तान्ही असताना एकदा सभेत ती उठून उठून पाळण्याकडं जात होती, तेव्हा पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांची बायको, सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "आमच्या श्रेयाचा विश्वास बघा, काखेत लावला की पारा दाखवतो." बायका खूप हसल्या. श्रेयाही हसली. पण ते बोलणं काट्यासारखं आत राहिलं. बी.एस्सी. झालेल्या, नीट वाचता-बोलता येणाऱ्या बाईला, आपल्याला विश्वासच नाही असं लोकांना वाटतं, याची लाज वाटत राहिली. म्हणून तिनं शूनेमची बाई निवडली. जे स्वतःला जमत नव्हतं तेच तिनं शिकवायला घेतलं.

आणि शिकवलं मात्र छान. शूनेम गावची ती सधन बाई, अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधणारी. खोलीत खाट, मेज, बसायला चौरंग आणि दिवा. मूलबाळ नाही. संदेष्टा म्हणतो, पुढच्या वर्षी या वेळी तुझ्या मांडीवर मुलगा असेल. मुलगा होतो, मोठा होतो, कापणीच्या दिवसांत बापाकडं शेतात जातो आणि डोकं धरून ओरडतो, डोकं, माझं डोकं. दुपारपर्यंत आईच्या मांडीवर असतो आणि जातो. आई त्याला उचलून संदेष्ट्याच्या खाटेवर निजवते, दार लावून घेते आणि गाढवावर खोगीर घालायला सांगते. नवरा विचारतो, आज कशाला? ती म्हणते, कुशल आहे. संदेष्टा लांबून तिला बघतो आणि चाकराला पुढं पाठवतो. चाकर विचारतो, तू कुशल आहेस ना? नवरा? मुलगा? आणि ती बाई, जिचं लेकरू घरी मरून पडलंय, म्हणते, कुशल.

इथं श्रेयानं शास्त्र मिटलं होतं. बायका डोळे पुसत होत्या. "हा विश्वास बायांनो," ती म्हणाली, "तोंडातून वाईट शब्द निघू द्यायचा नाही." त्याच क्षणी घरच्या बाईंनी आतून हाक दिली, पोहे गार होतायत. प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या, ताटल्या फिरल्या.

खाता खाता थट्टा सुरू झाली. "काय गं, नवरा कसा हाय?" "त्याचं नगं इचारू बाई." "अगं, आत्ताच शिकली न्हवं?" "बरं बरं, कुशल हाय!" हसून हसून एकीला ठसका लागला. तिला पाणी देत दुसरी म्हणाली, "ही बी कुशल!"

त्या हशात एकटी सुप्रिया हसत नव्हती. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीची ही. दोन एसट्या बदलून, लेकराला कडेवर घेऊन सभेला यायची. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. उपास, प्रार्थना, सासरच्यांचे टोमणे, सगळं झाल्यावर योएल झाला होता. आता चार वर्षांचा. मंडळात कुणी काही सांगितलं की बाकीच्या निम्मं दारातच सोडून जायच्या. सुप्रिया मात्र सगळं बांधून घरी न्यायची.

ताटली तशीच धरून ती श्रेयाजवळ आली. "ताई, म्हंजी मनात भ्या वाटलं तरी तोंडानं कुशलच म्हनायचं?"

"हो. तोंडानंच," श्रेया म्हणाली. "तिथूनच विश्वास सुरू होतो."

"आन मालकास्नी बी सांगायचं न्हाय?"

"तिनं सांगितलं का नवऱ्याला?"

सुप्रियानं मान डोलावली आणि पोह्यांचा पहिला घास घेतला.

पुढच्या महिन्यात गाणी बसवली गेली. जानेवारीत कुणाचं तरी लग्न निघालं आणि सभाच झाली नाही. फेब्रुवारीत पाळकीणबाईंनी दुसराच विषय घेतला. उरलेला पाठ उरला तो उरलाच. पण 'कुशल' हा शब्द मंडळात रुजला. ग्रुपवर सकाळी एकीनं टाकला की खाली रांग लागायची. श्रेयाला तो वाचून दरवेळी गोड वाटायचं. आपण मंडळाला काहीतरी दिलं, असं.

त्या शनिवारी श्रेया बारामतीत लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसली होती. अबोलीला सर्दी होती, ताप नव्हता, पण होईल असं वाटत होतं. तेवढ्यात सुप्रियाचा आवाजी संदेश आला. श्रेयानं फोन कानाला लावला.

"ताई, सलाम. योएलला लई ताप हाय. डोकं धरून बसलाय, डोकं डोकं म्हनतोय. उलटी बी झाली. मान हलवू देत न्हाय. पर मी कुनाला बोलले न्हाय हां. मालक दुधाचा टेंपो घिऊन गेल्यात, त्यास्नी जरा कणकण हाय म्हनलं. समद्यास्नी कुशलच सांगतिया. तुमी तेवढी प्रार्थना करा. मला... तुमी सांगा ताई, काय करू?"

श्रेयानं लिहिलं, ताप किती आहे? मग ते वाक्य पुसलं. आपण उशाशी थर्मामीटर घेऊन झोपणारी बाई आहोत, हे सुप्रियाला कळू नये असं तिला वाटलं. काखेतला पारा आठवला. तिनं दुसरं लिहिलं. धन्य तुझा विश्वास, सुप्रिया. धरून राहा. कुशल. तेवढ्यात आतून अबोलीचं नाव पुकारलं आणि ती लेकीला घेऊन आत गेली. डॉक्टर म्हणाले, साधी सर्दी आहे, काही द्यायचीही गरज नाही.

रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाचा अनुभव सांगायची, वेळ आली, तेव्हा श्रेया उभी राहिली. नाव न घेता, निरवांगीच्या एका बहिणीबद्दल तिनं सांगितलं. लेकरू तापानं फणफणलंय, पण तिच्या तोंडी एकच शब्द आहे. चर्चभर आमेन झालं. बाहेर आल्यावर कौसल्याबाईंनी तिचा दंड धरला. "पोराला दवाखान्यात दाखवलंय का?"

"दाखवलं असेल की, आई."

"असेल म्हंजे? विचार की."

श्रेयानं फोन लावला. पलीकडून सुप्रिया हळू आवाजात म्हणाली, "झोपलाय ताई. कुशल." श्रेयानं सासूला तेच सांगितलं आणि घरी जाऊन बटाट्याची भाजी फोडणीला टाकली.

सोमवारी दादासोचा फोन आला. दादासो म्हणजे सुप्रियाचा नवरा. एरवी श्रेयाशी दोन शब्द बोलायला लाजणारा माणूस. "ताई, पोराला झटकं यायला लागलं. इंदापूरला न्हेलं, त्यांनी बारामतीला घाला म्हनलं. वाटेत जंक्शन गावात आलोय. कुठल्या दवाखान्यात घालू?" मागून टेंपोतल्या रिकाम्या कॅनांचा खडखडाट ऐकू येत होता. श्रेयानं दवाखाना सांगितला आणि पायात चपला अडकवून धावली.

ती पोचली तेव्हा योएलला आत घेतलं होतं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "आई कोण? ताप कधीपासून आहे?"

सुप्रिया भिंतीला टेकून उभी होती. ओठ सुकले होते. "काल... काल रातीपास्न."

"नक्की? त्याआधी डोकं दुखणं, उलट्या, काही?"

"न्हाय. कुशल हुता."

डॉक्टरीण लिहायला लागली. फोन श्रेयाच्या हातातच होता, शनिवारचा संदेश त्यात होता. गप्प बसलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. पण आत लेकरू होतं आणि ती डॉक्टरीण त्याच उत्तरावर पुढचं ठरवणार होती.

"शनिवारपासून," श्रेया म्हणाली. "डोकं दुखत होतं. उलटी झाली होती. मान हलवत नव्हता."

डॉक्टरीण झटकन आत गेली. बाहेर तिघंच उरले.

"तुमास्नी ठावं हुतं?" दादासोनं विचारलं. आवाज चढवला नाही, आणि तेच जास्त लागलं. "शनवारपास्न तुमास्नी ठावं हुतं, आन मला पोराच्या बापाला न्हाय?"

सुप्रिया श्रेयाकडं बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, धसका होता. एखाद्यानं भरलेली घागर आपल्या डोक्यावरून मुद्दाम ढकलावी, तसं ती बघत होती.

मेंदूच्या आवरणाला सूज, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाठीतलं पाणी काढून तपासलं, सलाइनमधून औषधं सुरू झाली. श्रेया बाहेरच्या बाकावर बसून राहिली. कौसल्याबाई अबोलीला घेऊन घरी थांबल्या होत्या. करायला काही नव्हतं, म्हणून श्रेयानं फोनवर शास्त्र उघडलं आणि जिथं पोहे आले होते तिथून पुढं वाचायला लागली.

चाकराला कुशल म्हणून ती बाई थांबत नाही. तशीच पुढं जाते, डोंगरावर संदेष्ट्यापाशी, आणि त्याचे पाय धरते. चाकर तिला ढकलायला येतो. संदेष्टा म्हणतो, राहू दे तिला, तिचा जीव कासावीस झालाय आणि देवानं मला ते कळू दिलेलं नाही. मग ती बोलते. मी मुलगा मागितला होता का? मला फसवू नका, असं मी म्हटलं नव्हतं का? आणि तो आपली काठी चाकराकडं देऊन त्याला पुढं पाठवतो तरी ती उठत नाही. तुम्ही स्वतः आल्याशिवाय मी हलायची नाही, म्हणते. मग संदेष्टा तिच्याबरोबर जातो आणि मुलगा जिवंत होतो.

श्रेयानं फोन मांडीवर ठेवला. ही गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकली होती. पण टाळ्या मिळणारी जागा आधीच आली होती आणि ती तिथंच उतरली होती. तो शब्द त्या बाईनं वाटेतल्या माणसांना दिला होता, वेळ जाऊ नये म्हणून. तिचा विश्वास त्या शब्दात नव्हताच. गाढव कुठंही थांबवू नकोस, असं तिनं हाकणाऱ्याला सांगितलं, त्यात होता. पाय धरून भांडली, त्यात होता. आणि मग श्रेयाला एक गोष्ट कळली आणि ती बाकावरून उठून उभी राहिली. सुप्रियानंही पाय धरले होते. शनिवारी. 'तुमी सांगा ताई, काय करू?' म्हणजे दुसरं काय होतं? तिनं अर्ध्या पाठावरही पुढचं बरोबर केलं होतं. ती जिच्यापाशी आली, त्या श्रेयानंच तिला कुशल म्हणून परत पाठवलं.

योएल वाचला. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी दादासोला आणि सुप्रियाला समोर बसवून सांगितलं, श्रेया मागं उभी होती. "अशा तापानंतर कधी कधी कान जातात. मला शंका आहे. पुण्याला नेऊन तपासणी करा, लगेच. उशीर झाला तर कानाच्या आत हाड धरायला लागतं, मग ऐकायचं मशीन बसवणंही अवघड होतं. कळलं?" सुप्रियानं मान हलवली. ते मान हलवणं श्रेयाला ओळखीचं वाटलं आणि तिला भीती वाटली.

तिनं फोन केले. सुप्रियानं आधी उचलले, मग सोडून दिले. ग्रुपवर मात्र रोज सकाळी तिचं 'कुशल' यायचं, सगळ्यांच्या आधी. शेवटी एका दुपारी श्रेया रविराजला, आपल्या नवऱ्याला, कंपनीतून सुट्टी घ्यायला लावून त्याच्याबरोबर निरवांगीला गेली.

अंगणात योएल पाठमोरा बसून मातीत रेघा मारत होता. श्रेयानं हाक मारली. तो रेघा मारत राहिला. तिनं टाळी वाजवली. तिची सावली मातीवर पडली तेव्हा त्यानं वर बघितलं आणि हसला.

सुप्रियानं चहा केला. रविराज दादासोबरोबर गोठ्याकडं गेला. दोघी चौकटीत बसल्या.

"पुण्याला गेलात का गं?"

"कशाला? कुशल हाय की त्यो."

"सुप्रिया, त्याला ऐकू येत नाहीये."

सुप्रियानं झटकन तिच्या तोंडापुढं हात धरला. "बोलू नगा ताई. परत बोलू नगा."

"अगं, मी चुकीचं शिकवलं. अर्धंच शिकवलं. पुढं वाच तू, ती बाई जाऊन रडली, भांडली. सांगितलं तिनं. गप्प नाही बसली."

"तुमी आता फिरवू नगा." सुप्रियाचा आवाज कापत होता, पण बोलणं ठाम होतं. "मी धरून हुते. दोन दीस धरून हुते. दवाखान्यात तुमी मदीच सांगितलंत आन तितं सुटलं. जीव वाचला, माझ्या विश्वासानं वाचला. कान ऱ्हायलं ते तुमच्या बोलन्यानं. आता म्या सोडायची न्हाय. त्यो ऐकंल."

श्रेयाला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग तिला कळलं की ज्या एका वाक्यासाठी, सगळ्यात उशिरा का होईना, तिनं दवाखान्यात खरं बोलायला तोंड उघडलं होतं, तेच सुप्रियानं पाप म्हणून धरलंय. समजावायला ती बोलत गेली, रडली, हात जोडले. सुप्रिया ऐकत होती, कपात चहा ओतत होती, आणि शेवटी उठून म्हणाली, "मुक्कामाला ऱ्हाता का? न्हायतर उशीर हुईल तुमास्नी."

बाहेर रविराजलाही यश आलं नव्हतं. दादासो म्हणाला, "टेंपो आला की पोरगं पळत येतंय की दादा. ऐकू येत नसतं तर कसं आलं असतं?" टेंपोची धडधड जमिनीतून पायाला लागते, हे रविराजनं सांगून बघितलं. दादासोनं रिकामा कॅन उपडा घातला. मग म्हणाला, "ती जेवान सोडती वो. पुन्याचं नाव काढलं की चूल पेटवत न्हाय. आन तुमच्या मंडळीनं..." त्यानं हात झटकला. "ताईंनी आता आमच्यात पडू नये. राग न्हाय. पर पडू नये."

परतीच्या वाटेवर लासुर्णे गाव मागं पडलं. श्रेया एकदम म्हणाली, "मी तिथं गेले की ती आणखी घट्ट धरते. मी गेलेच नसते तर बरं झालं असतं." रविराजलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या सभेत श्रेयानं उरलेला पाठ घेतला. टाळ्या झाल्या नाहीत. एक-दोघी घरी जाऊन आपापल्या लेकींना फोन लावून खरं काय ते विचारते म्हणाल्या. पाळकीणबाई निरवांगीला जाऊन आल्या. त्यांनाही चहा मिळाला आणि तोच शब्द मिळाला. बारामतीहून, चर्चमधून जो जातो, त्याला ती दारातच ते उत्तर देते. ज्यांनी तिला हे शिकवलं, त्यांच्यापैकी कुणापुढं तिला ते मोडता येत नाही.

म्हणून श्रेया आता भेटेल त्याला विचारते, इंदापूरच्या बाजूला कधी जाता का? दूधवाल्यांना विचारते, बँकेतल्या मॅडमना विचारते, अबोलीच्या बालवाडीतल्या आयांना विचारते. आणि हे वाचणाऱ्या तुमच्याकडंही तिचं तेच मागणं आहे. तुम्ही त्या मंडळातल्या नाही, हेच चांगलं. निरवांगीत जा, दुधाचा टेंपो असलेल्या दादासोचं घर कुणीही दाखवेल. शास्त्र बोलू नका, ते बोलून झालंय. माझं नाव तर काढूच नका, असं श्रेया म्हणते. नुसत्या बसा तिच्याजवळ, तिला जेवू घाला, ती रडली तर रडू द्या. ती काही झालं नाही म्हणेल. तुम्ही उठू नका. आणि जमलंच तर पुण्याला जायची गाडी दारात उभी ठेवा, योएलला मांडीवर घेऊन ती आत बसेपर्यंत थांबा. दिवस जातायत. जाऊन याल ना?